सायकल कॅम्पिंगला खायला काय न्यायचं? पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

जेवणाची पिशवी आपण भरतो घरी, पोट भरलेलं असताना, ओट्यासमोर निवांत उभं राहून. पण ते जेवण बनवणारा आणि खाणारा माणूस वेगळा असतो, तो दिवसभर ६०-७० किलोमीटर सामान ओढून आलेला असतो, उजेड कमी होत चाललेला असतो, बाटलीत दीड लिटर पाणी उरलेलं असतं, तंबू अजून लावायचा असतो आणि मनगटं दुखत असतात. माझा सगळा सल्ला एवढाच आहे की त्या संध्याकाळच्या माणसाचा विचार करून खाणं निवडा. खाली जे काही लिहिलंय ते सगळं यातूनच आलंय.

मी पहिल्या ट्रिपला पूर्ण स्वयंपाकघर घेऊन गेलो होतो, कांदे, बटाटे, राजमा, तेलाची मोठी बाटली, चार-पाच दिवसांचं सगळं. दुसऱ्या दिवशी चढावर लक्षात आलं की यातलं निम्मं सामान मी फक्त फिरवून आणणार आहे, आणि संध्याकाळी बटाटे सोलायची ताकदच नव्हती, बिस्किटं खाऊन झोपलो. हे तुमचं होऊ नये म्हणून क्रमाने सांगतो.

पायरी १ : आधी नकाशा, मग यादी

खाण्याची यादी करायला बसण्याआधी नकाशा उघडा आणि रस्त्यावर तीन गोष्टींवर खूण करा. दुकान कुठे आहे, पिण्याचं पाणी कुठे मिळेल आणि मुक्काम कुठे. मग दोन दुकानांमधलं अंतर तुमच्या वेगाने तासांत मोजा. सामान लादलेली सायकल सपाट रस्त्यावर नवख्या माणसाला ताशी १२ ते १५ किलोमीटर देते आणि चढावर त्याच्या निम्म्यानेही कमी, त्यामुळे नकाशावर ४० किलोमीटर दिसलं म्हणजे 'तीन तास' असं धरू नका.

बहुतेक रस्त्यांवर रोज एखादं दुकान लागतंच, तिथे दीड दिवसाचं खाणं आणि वर एक राखीव जेवण एवढं पुरतं. राखीव जेवण म्हणजे जे शिजवावं लागत नाही आणि ज्याला तुम्ही शेवटपर्यंत हात लावणार नाही असं. दुकान त्या दिवशी बंद निघालं, टायर फाटला, पाऊस थांबेना, तर ते उघडायचं. दुकानच नसलेल्या भागात जाणार असाल तर दिवस मोजून न्या आणि एक दिवस जास्तीचा धरा, पण माझं ऐकाल तर पहिल्याच ट्रिपला असा रस्ता घेऊ नका.

पायरी २ : किती खाणं लागेल

नवखे लोक दोन्ही बाजूंनी चुकतात, आकाराने खूप नेतात आणि कॅलरीने कमी नेतात. लादलेली सायकल चालवताना वजन, चढ आणि वेग यांप्रमाणे ताशी साधारण ३०० ते ६०० कॅलरी जातात. पाच तास चालवलंत तर शरीराच्या रोजच्या गरजेवर आणखी दीड-दोन हजार सहज चढतात, म्हणजे दिवसाला तीन हजारच्या पुढे धरून चाला, थोडी तूट आली तरी दोन-तीन दिवसांच्या ट्रिपला शरीर ती सांभाळून घेतं.

आता हे वजनात कसं बसवायचं ते बघा. एक ग्रॅम फॅटमध्ये ९ कॅलरी असतात, कार्ब आणि प्रोटीनमध्ये ४, आणि पाण्यात शून्य. म्हणून १०० ग्रॅम काकडी तुम्हाला जेमतेम १५ कॅलरी देते, केळं ९० च्या आसपास, कोरडा तांदूळ किंवा पास्ता ३६०-३७०, शेंगदाणे साडेपाचशेच्या वर आणि तेल जवळपास ८८०. ओलं खाणं म्हणजे पॅनियरमध्ये (सायकलच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांमध्ये) पाणी वाहून नेणं. दिवसाला माणशी ७०० ते ९०० ग्रॅम कोरडं खाणं हा हिशोब धरा, आणि त्याची सरासरी ग्रॅममागे ४ कॅलरी तरी पडते का ते बघा.

माझा एक दिवस असा असतो : सकाळी ८० ग्रॅम ओट्स, ३० ग्रॅम दूध पावडर, ३० ग्रॅम मनुका, २० ग्रॅम बदाम. दुपारी १५० ग्रॅम ब्रेड आणि ५० ग्रॅम पीनट बटर. रस्त्यात दिवसभर ५० ग्रॅम शेंगदाणे, १०० ग्रॅम खजूर, १०० ग्रॅम बिस्किटं. रात्री १०० ग्रॅम तांदूळ, ५० ग्रॅम मसूर डाळ, २० ग्रॅम तेल आणि नंतर ४० ग्रॅम चॉकलेट. एकूण ८२० ग्रॅम, कॅलरी साधारण ३३००. तुम्ही हेच खा असं नाही, पण एकदा स्वतःच्या दिवसाचं असं वजन करून बघाच, घरच्या वजनकाट्यावर दहा मिनिटांचं काम आहे आणि त्यातून जे कळतं ते कुठल्याही यादीतून कळत नाही.

पायरी ३ : स्टोव्ह न्यायचा की नाही

एका रात्रीची ट्रिप असेल आणि हवा गरम असेल तर स्टोव्ह नेऊच नका. ब्रेड, चीज, पीनट बटर, फळं, डबाबंद मासे किंवा छोले, सगळं थंड खाता येतं, आणि स्टोव्ह, गॅस, भांडं, लायटर, भांडी घासायचं पाणी ही सगळी भानगडच जाते. भाजलेले चणे किंवा ओट्स पाण्यात भिजवूनही चांगले लागतात. ओट्स रात्री भिजवले की सकाळी तयार.

थंडी असेल किंवा दोनपेक्षा जास्त रात्री असतील तर मात्र न्या. भिजून कुडकुडत मुक्कामाला पोचल्यावर गरम सूपचा एक कप मिळाला की जीवात जीव येतो, त्याला कॅलरीचा हिशोब लावू नका. गॅसचं छोटं कॅनिस्टर विमानात नेता येत नाही, त्यामुळे विमानाने जाऊन पुढे सायकल चालवणार असाल तर ते तिथे पोचल्यावर मिळेल का हे आधीच बघून ठेवा. शिवाय नुसतं ब्युटेन शून्य अंशाच्या जवळ वायू व्हायचं जवळजवळ थांबतं, तेव्हा थंडीच्या जागी आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रणाचंच कॅनिस्टर घ्या.

पायरी ४ : रात्रीचं जेवण

इथे थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

रात्रीचं जेवण निवडताना मी तीन प्रश्न विचारतो : एकाच भांड्यात होतं का, किती मिनिटं आच लागते आणि किती पाणी पितं. चव चौथी. म्हणजे चव नकोच असं अजिबात नाही, उलट दमलेल्या माणसाच्या घशाखाली बेचव खाणं उतरत नाही, पण चव मसाल्याच्या छोट्या पुडीने आणता येते आणि वेळ कशानेच आणता येत नाही.

सगळ्यात सोपं म्हणजे ज्याच्यावर नुसतं उकळतं पाणी ओतून झाकून ठेवलं की होतं ते, कुसकुस (रव्यापासून केलेले बारीक दाणे), पातळ नूडल्स, इन्स्टंट मॅश बटाटा, बारीक ओट्स. आधण आलं की आच बंद, पाच-सात मिनिटं झाकण, झालं. गॅस अगदी थोडा जातो. नूडल्सचं एक पाकीट सव्वातीनशे-साडेतीनशे कॅलरीच्या आसपास असतं, त्यामुळे नुसत्या एका पाकिटाने सायकलवाल्याचं पोट भरत नाही, त्यात मूठभर शेंगदाणे, चमचाभर तेल, एखादं अंडं किंवा डबाबंद मासा टाका.

दुसरा गट तांदूळ, पास्ता आणि मसूर डाळ यांचा. मसूर डाळ सोललेली लाल असते ती, भिजवायला लागत नाही आणि १५-२० मिनिटांत शिजते, म्हणून डाळींमध्ये कॅम्पसाठी माझी पहिली पसंती तीच. तांदळाला दुप्पट पाणी, डाळ सोबत टाकली तर जरा जास्त. पास्त्याला भरपूर पाणी घेऊन ते ओतून द्यायची सवय असते, कॅम्पवर तसं करू नका, बेताच्या पाण्यात ढवळत शिजवा आणि उरलेलं पिठूळ पाणी सॉसमध्येच मुरवा, पाणीही वाचतं आणि सॉस दाट होतो. गॅस वाचवायची एक युक्ती सांगतो. तांदूळ-डाळीला उकळी आली की पाच-सहा मिनिटं शिजू द्या, मग भांडं स्टोव्हवरून काढून झाकणासकट जॅकेटमध्ये किंवा फोमच्या तुकड्यात गच्च गुंडाळून वीस मिनिटं ठेवा, आतल्या उष्णतेवर बाकीचं शिजतं आणि तेवढ्या वेळात तुमचा तंबू लागतो. फक्त जॅकेट गरम भांड्याला थेट चिकटू देऊ नका, मध्ये टॉवेल घाला, नाहीतर नायलॉन वितळतं.

कडधान्यांबद्दल मात्र सावध राहा. राजमा अजिबात नेऊ नका, डबाबंद शिजवलेला असेल तर गोष्ट वेगळी. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं एक प्रोटीन असतं, ते मोडायला भिजवून, पाणी बदलून, किमान दहा मिनिटं खळखळून उकळावं लागतं. अर्धवट शिजलेले थोडे दाणे पोटात गेले तरी काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात, आणि वर गुंडाळून ठेवायची जी युक्ती सांगितली ती राजम्याला लावणं तर धोक्याचंच.

डोंगरात जाणार असाल तर आणखी एक गोष्ट. दर ३०० मीटर उंचीला पाणी उकळायचं तापमान साधारण एक अंशाने खाली येतं. तीन हजार मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे घरी वीस मिनिटांत होणारी डाळ तिथे कितीतरी जास्त वेळ घेते, आणि तुम्हाला वाटतं गॅसच खराब आहे. उंचावर कुसकुस आणि नूडल्सच बरे.

फ्रीझ-ड्राय पाकिटांबद्दल, म्हणजे शिजवून, गोठवून सुकवलेल्या तयार जेवणाबद्दल, नेहमी विचारतात. वजनाला खरंच हलकी आणि पाणी ओतलं की तयार, पण महाग असतात, आणि पाकिटावर 'दोन माणसांचं' लिहिलेलं असलं तरी कॅलरी बघा, बऱ्याचदा ते एका भुकेल्या सायकलवाल्याचं निघतं. राखीव जेवण म्हणून एक ठेवायला चांगलं, फक्त पाणी लागतं हे विसरू नका.

पायरी ५ : चालवताना खायचं

यावर लोक सगळ्यात कमी विचार करतात आणि दिवस बिघडतो तो इथेच. शरीरात कार्बचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, साधारण ४००-५०० ग्रॅम असतो. जोरात चालवलंत तर दीड-दोन तासांत तो संपत येतो आणि मग एकदम हातपाय गळतात, चिडचिड होते, डोळ्यासमोर अंधारी येते, समोरचा साधा चढ डोंगरासारखा वाटतो. एकदा ही अवस्था आली की पटकन गोड काहीतरी खाऊन, थांबून, अर्धा तास तरी बसावं लागतं.

त्यामुळे भूक लागायची वाट बघू नका. पहिल्या तासापासून दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब पोटात जाऊ द्या. मोठं केळं म्हणजे साधारण ३० ग्रॅम, चार-पाच छोटे खजूरही तेवढेच. मी दर अर्ध्या तासाला दोन घास खातो, घड्याळात अलार्म लावून. शेंगदाणे-बदाम चांगलेच आहेत पण फॅट हळू पचतं, म्हणून चढाच्या आधी गोड आणि स्टार्चचं खा, शेंगदाणे-बदाम सपाटीला किंवा थांब्यावर. हे खाणं हॅन्डलबारच्या बॅगेत किंवा जर्सीच्या खिशात ठेवा, मागच्या पॅनियरच्या तळाशी असलेला खाऊ तुम्ही खाणार नाही हे मी लिहून देतो, कारण थांबून, उतरून, बॅग उघडून खायचा कंटाळाच येतो.

चॉकलेट तीसेक अंशांच्या पुढे मऊ पडून वितळायला लागतं, गरमीत त्याऐवजी खजूर, मनुका, बिस्किटं, गूळ-शेंगदाण्याची वडी असं काहीतरी. आणि खारट काहीतरी हवंच. घामातून मीठ जातं, दिवसभर नुसतं गोड आणि साधं पाणी घेत राहिलं की संध्याकाळी डोकं जड होतं, मळमळतं आणि जेवावंसंही वाटत नाही, म्हणून एक पुडी खाऱ्या शेंगदाण्यांची ठेवतो. जुलाब लागले तर कामाला येईल म्हणून हे पाठ करून ठेवा : एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ.

पायरी ६ : सकाळचं

यात फार डोकं घालू नका. ओट्स, दूध पावडर, सुकामेवा हे प्रत्येक सकाळचं वेगळं पाऊच घरीच भरून ठेवा, सकाळी गरम किंवा थंड पाणी ओतायचं. चहा-कॉफीची सवय असेल तर ती नक्की न्या, ट्रिपवर ती सोडायचा प्रयत्न केला की दुपारी डोकं धरतं.

पायरी ७ : काय टिकतं, काय नासतं

पहिल्या दिवशी ताजं खा, पुढे कोरडं. पॅनियर उन्हात चांगलंच तापतं हे लक्षात ठेवा. शिजवलेलं खाणं, मांस, मऊ चीज, दूध हे ५ ते ६० अंशांच्या मध्ये दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. कडक चीज, लोणी, सुकवलेलं मांस, गाजर, कोबी, कांदा, सफरचंद, लिंबू दोन-तीन दिवस आरामात काढतात. अंडी फ्रीजमधून काढलेली असतील तर ती पुन्हा बाहेर फिरवू नका, फ्रीजबाहेर विकली जाणारी न धुतलेली अंडी टिकतात, फक्त कडक डब्यात कपड्यात गुंडाळून न्या.

रात्रीचा उरलेला भात सकाळी खायचा मोह होतो, तो टाळा. तांदळात असलेल्या बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की वाढतात आणि जे विष तयार करतात ते परत गरम करूनही जात नाही. कॅम्पवर फ्रीज नाही, म्हणून संपेल तेवढाच शिजवा. घरी लसूण घातलेलं तेल बाटलीत भरून नेण्याचाही सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका, तेलात बुडालेल्या लसणीत हवा न लागता बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू वाढू शकतो. लसूण पावडर न्या आणि तेल वेगळं न्या.

पायरी ८ : भरायचं कसं

सायकल दिवसभर खडखडते, ही खडखड पॅकिंग करताना डोक्यात ठेवा. पुठ्ठ्याचे खोके घरीच काढून टाका, सगळं जाड झिप पाऊचमध्ये, हवा काढून, आणि पाऊचवर मार्करने लिहा की आत काय आहे, पाणी किती, मिनिटं किती. संध्याकाळी दमलेल्या डोक्याला हे आठवत नाही. तेल प्लास्टिकच्या स्क्रू झाकणाच्या छोट्या बाटलीत, ती बाटली परत पिशवीत. काचेची बरणी काहीही झालं तरी नाही. पावडरी दोन पाऊचमध्ये, दूध पावडर एकदा पॅनियरमध्ये सांडली आणि वर पाऊस लागला की तो वास महिनाभर जात नाही, मी अनुभवलंय.

जड गोष्टी पॅनियरमध्ये खाली आणि फ्रेमच्या बाजूला, दोन्ही बाजूंचं वजन सारखं. त्या रात्रीचं जेवण सगळ्यात वर. स्पिरिट किंवा पेट्रोलवर चालणारा स्टोव्ह असेल तर त्याचं इंधन खाण्याच्या विरुद्ध बाजूच्या पॅनियरमध्ये, गळती नसली तरी वास ब्रेडमध्ये उतरतो.

पायरी ९ : पाणी आणि मुक्काम

एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणून सगळं पाणी सकाळपासून वाहायचं नाही, मुक्कामाच्या आधीच्या शेवटच्या ठिकाणी भरायचं. गरमीत चालवताना ताशी अर्धा ते एक लिटर जातं, आणि मुक्कामाला जेवण, पिणं, सकाळचं ओट्स, भांडी मिळून माणशी तीन लिटर तरी हाताशी हवं. ओढ्याचं पाणी खळखळून एक मिनिट उकळा, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं, आणि त्या उकळण्याचा गॅस हिशोबात धरा. वारा नसेल तर एक लिटरला उकळी आणायला साधारण १० ते १५ ग्रॅम गॅस जातो, वाऱ्यात खूपच जास्त. म्हणून आडोसा शोधा, पण कॅनिस्टर चारी बाजूंनी झाकू नका, ते तापून फुटू शकतं.

तंबूच्या आत स्टोव्ह पेटवू नका. कितीही पाऊस असो. आग लागायला काही सेकंद पुरतात, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोप आल्यासारखं वाटतं आणि माणूस उठत नाही. अशा पावसासाठीच ते न शिजवायचं राखीव जेवण ठेवलेलं असतं.

खाणं रात्री तंबूतही ठेवू नका. उंदीर एक बिस्किट शोधत तंबू आणि पॅनियर दोन्ही कुरतडतात. पिशवी फांदीवरून दोरीने टांगा. अस्वलांचा भाग असेल तर तिथे काय नियम आहेत ते आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी खास कडक डबा लागतो आणि तो झोपायच्या जागेपासून साठ-सत्तर मीटर तरी लांब ठेवायचा असतो. टूथपेस्टही त्यातच, तिलाही वास असतो.

पायरी १० : आधी घरी खाऊन बघा

निघायच्या आठवडाभर आधी एका रविवारी चार तास सायकल चालवून या, आल्यावर आंघोळ न करता, खुर्चीवर न बसता, अंगणात किंवा गच्चीवर तोच स्टोव्ह पेटवून तेच रात्रीचं जेवण तेवढ्याच पाण्यात बनवा. रस्त्यात तोच खाऊ खा जो ट्रिपला नेणार आहात, काहींना जास्त सुक्या फळांनी गॅसेस होतात, काहींना एनर्जी जेल अजिबात सोसत नाही, हे घराजवळ कळलेलं बरं. किती मिनिटं लागली, किती पाणी गेलं, पोट भरलं का, हे बघा. स्टोव्ह पेटवायच्या आधी आणि नंतर कॅनिस्टरचं वजन करा, म्हणजे एका जेवणाला किती गॅस जातो ते कळेल. मग पाऊचवरचे आकडे खोडून हे नवीन आकडे लिहा.